बेवड

माती येते दुधाच्या पिशवीतून.
अर्ध्या लिटरची, उलटी करून धुतलेली, कात्रजची.
आत वहीच्या रेघी कागदाची चिठ्ठी:
चंद्रभान कामठे, मुक्काम दिवे, टेकाचं रान.
मागील पीक – पड.

साहेब म्हणाले, पड हे काय पीक झालं?
यादीत बाजरी होती, घेवडा होता, वाटाणा होता.
मी खोडून लिहिलं, गवत.
पुढच्या मेमध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं, पड.
मी पुन्हा खोडलं.
चार मे महिने आमचं हे भांडण चाललं
तोंडातून शब्द न काढता.

गुडघ्याची वाटी बदलली, बैल विकले,
मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागला,
तेव्हा त्यांनी ते अडीच एकर सोडलं.
इकडं अंजीर, तिकडं सीताफळ,
मधे नुसता मारवेल आणि पवन्या, कमरेइतका.
दलाल बांधावर कार्डं ठेवून जायचे.
गाव म्हणायचं, कामठे प्लॉट पाडणार.
ते म्हणायचे, बेवड धरतोय.
गवताचा? लोक हसायचे.
बेवड हरभऱ्याचा असतो, भुईमुगाचा असतो.

मी माझ्या टेबलावरचं सांगते.
जांभळ्या परमँगनेटमध्ये माती उकळायची.
वाफ काचेच्या नळीतून खाली उतरते,
बोरिक आम्लाचा गुलाबी रंग हिरवा पडतो.
तो परत गुलाबी करायला
ब्युरेटमधून जेवढे थेंब जातात
तेवढं नत्र, हिशेबाने, हेक्टरी किलोत.
कर्ब चढत होता,
शून्य पूर्णांक अडतीस, चव्वेचाळीस, बावन्न.
उपलब्ध नत्र मात्र जागचं हलत नव्हतं.
'कमी' हा शिक्का मी चारही वेळा मारला,
शिवाजीनगरच्या त्या खोलीत,
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत.

पाचव्या वर्षी त्यांनी रान मोडलं, बाजरी पेरली.
ऑगस्टमध्ये दिवे घाट उतरून आले
ते पिशवीशिवाय.
टेबलावर एक पान ठेवलं, हळद लागल्यासारखं.
बाई, म्हणाले,
चार वर्षं तिला उपाशीच ठेवली का मी?

मी म्हटलं, गवताच्या मुळ्या कुजतायत.
कुजवणारे जीव कोट्यवधी, नत्र त्यांनाही लागतं.
आहे तेवढं तेच खातायत.
थोडा युरिया टाका, नाहीतर थांबा.
ते मेले की सोडतील.

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले.
"म्हणजे आधी आचाऱ्यांची पंगत.
उलटीच की हो रीत."

मी तेव्हा दहा महिन्यांच्या
बिनपगारी रजेवरून नुकतीच आले होते.
विश्रांतीने माणूस ताजं होतं म्हणतात.
माझी दोनदा वाचनं चुकली होती,
एकदा फ्लास्क फुटला,
आणि जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता बसायचे.
हे त्यांना सांगितलं नाही.
थांबा, एवढंच पुन्हा म्हणाले,
जरा जास्तच जोरात.

पौषात शाळूचं पान आलं,
कुरिअरने, वर्तमानपत्रात गुंडाळून.
गर्द, रुंद, कडेने बोट कापेल असं.
चिठ्ठी नव्हती.

मग एक दिवस चाळताना लक्षात आलं.
नियम असा, की दोन मिलिमीटरच्या चाळणीवर
जे उरतं ते फेकायचं:
खडे, काड्या, मुळ्यांचं गुंतवळ.
म्हणजे ती चार वर्षं जिथं साठत होती
ते मोजायच्या आधीच मी
खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत झटकत होते,
दर मेमध्ये, हात पुसत.

त्या कुंडीत कुणी काही लावलं नव्हतं.
आता तिथे मारवेल आहे, वीतभर,
जंगली महाराज रस्त्याचा धूर खाऊन हिरवा.

साहेब विचारतात, हे काय लावलंय?
मी म्हणते, पड.